पोथीला भेटायला आलेलं गाव

"पुस्तकांचा दवाखाना तुमचाच काय?" फोनवरचा आवाज खणखणीत होता.

मी म्हटलं, "दवाखाना नाही, हा विद्यापीठाच्या ग्रंथालयातला हस्तलिखित विभाग आहे. जुन्या पोथ्या, कागद आम्ही सांभाळतो. खराब झाले असतील तर दुरुस्त करतो."

"म्हंजे दवाखानाच की. आमची पोथी आजारी हाय. कवा येताय बघायला?"

बोलणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते. गाव इस्लामपूरच्या पलीकडे, कृष्णेच्या काठावर. गावात नाथाचं देऊळ आहे आणि दर श्रावणात तिथं पोथी लावायची, म्हणजे रोज संध्याकाळी तिचा एकेक अध्याय वाचायचा, अशी जुनी रीत. आदल्या श्रावणात पोथी निम्म्यावर आली आणि नदीचं पाणी देवळात शिरलं. माणसं वरच्या आळीला गेली, जनावरं गेली, आणि पोथी मात्र गाभाऱ्याशेजारच्या कोनाड्यात राहिली. पाणी ओसरल्यावर काढली तेव्हा तिचा गठ्ठा भिजून फुगला होता.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"वाळवली," सुभेदार म्हणाले. "आन् मग इस्त्री मारली."

मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

मी मूळची सांगलीची. ग्रंथालयशास्त्र शिकले, पुढे कागद दुरुस्त करण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि नोकरीसाठी साताऱ्याला आले ती तिथलीच झाले. आमचा विभाग म्हणजे एक लांबट खोली. लोखंडी कपाटं, हवेतली ओल शोषणारं एक घरघरणारं यंत्र आणि उत्तरेच्या खिडकीखाली माझं टेबल. लोकांना वाटतं आम्ही खजिन्यावर बसलेलो असतो. प्रत्यक्षात आमचा बराचसा दिवस मऊ ब्रशनं धूळ झाडण्यात जातो. त्यामुळे कुणी बाहेर बोलावलं की मला आनंद होतो.

थंडीचे दिवस होते, ऊसतोड जोरात चालू होती. मलकापूरला पुलाच्या कामात आमची गाडी अडकली आणि पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत रांगत जावं लागलं. गावात पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती. सुभेदार रस्त्यावरच उभे होते. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, पायात चकचकीत बूट. त्यांच्यामागे दारात त्यांच्या बायको होत्या, बुटक्या, हसऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"आदी जेवा," त्या म्हणाल्या. "पोथी कुटं पळून जात न्हाई."

पोथी सैन्यातल्या काळ्या ट्रंकेत होती. ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. पोथीभोवतीचं लाल कापडी बासन सोडलं. दोन लाकडी फळ्यांमध्ये सुट्या लांबट पानांचा गठ्ठा. ठळक, देखणं अक्षर, शब्द न तोडता सलग लिहिलेलं. चुकलेल्या जागी पिवळा हरताळ फासून त्यावर पुन्हा लिहिलं होतं. शाई चांगली होती, पाण्यानं फारशी फुटली नव्हती. पण कडा कसरीनं खाल्ल्या होत्या, मधली बरीच पानं एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखी झाली होती आणि वरच्या पानांवर इस्त्रीचा तपकिरी तिकोना स्पष्ट उमटला होता.

"घडी मोडली का न्हाई?" सुभेदारांनी विचारलं.

"मी म्हनत हुते, नगं," बायको म्हणाल्या. "पर ह्यांचं कसं हाय, सुरकुती दिसली की इस्त्री."

त्यांनी ते प्रेमानं केलं होतं, हे दिसतच होतं.

पोथी कुणी रचली ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिची दुसरी प्रतही नव्हती. गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ होती, आणि ती मला सुभेदारांच्या बायकोनं चुलीशेजारी बसून सांगितली. पूर्वी याच गावातली एक बाई दरवर्षी चालत म्हसवडला नाथाच्या दर्शनाला जायची. म्हातारपणी तिचे पाय चालेनात. ती घरात बसून रडायला लागली. तेव्हा नाथ म्हणाला, तुझ्यानं येववत नाही तर मी येतो. आणि तो धनगराच्या वेशात माणदेशातून निघाला, वाटेत गावोगाव थांबत, कुणाकडे जेवत, कुणाच्या शिव्या खात, शेवटी कृष्णेच्या काठी तिच्या दारात आला. पोथीचे निम्मे अध्याय त्या वाटेचेच आहेत.

पूर्वी देवळातले गुरव पोथी वाचायचे. ते गेल्यावर ते जुनं सलग अक्षर फक्त या बाईंनाच लागायचं, कारण त्या लहानपणापासून गुरवांच्या शेजारी बसत आल्या होत्या. मग वाचायचं काम त्यांच्याकडे आलं. त्या वाचायच्या आणि सुभेदार अर्थ सांगायचे.

"आता अडचन अशी हाय ताई," त्या म्हणाल्या, "पानी आलं तवा देव वाटंत हुता. औंधच्या पुढं आला हुता. तितंच पोथी ऱ्हायली. सा म्हैनं होत आलं, आमचा देव अजून वाटंतच हाय."

हे त्या हसत सांगत होत्या, पण ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

संध्याकाळी देवळात गावकरी जमले. मी सगळं समजावून सांगितलं. पोथी आमच्याकडे दिलीत तर पानं सोडवू, कडा सांधू, प्रत्येक पानाचा फोटो काढू. विद्यापीठाच्या संग्रहात दिलीत तर ती कायमची नीट राहील, देवळात पुन्हा पाणी आलं तरी तिला धक्का लागणार नाही.

"आन् श्रावनात?" कुणीतरी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. एकदा संग्रहात आली की दुर्मीळ पोथी इमारतीबाहेर जात नाही.

मग सुभेदार म्हणाले, "म्हंजे भरती झाली की रजा न्हाई?"

"नाही."

"आवं, आमाला सियाचीनवरनं बी रजा मिळायची."

सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न तिथंच राहिला. शेवटी असं ठरलं की आधी दुरुस्तीसाठी पोथी न्यायची, बाकीचं मग बघू. बाईंनी बासनावर हळदकुंकू वाहिलं, सुभेदारांनी गठ्ठा स्वतः गाडीत ठेवला आणि चालकाला बजावलं, "खड्डे बघून चालव रं."

पुढचे महिने मी त्या पोथीबरोबर काढले. चिकटलेली पानं सोडवायची म्हणजे आधी त्यांना दमट हवेत ठेवून नरम करायचं, मग हाडाच्या पातळ पट्टीनं कडेपासून आत, अगदी केसाकेसानं सरकायचं. घाई केली की अक्षर वरच्या पानाबरोबर निघून येतं. सुटलेल्या पानाच्या फाटक्या कडेला जपानी कागदाचा पापुद्रा गव्हाच्या खळीनं लावायचा आणि टीपकागदात दाबून ठेवायचं. इस्त्रीचे डाग गेले नाहीत. ते जायचे नव्हतेच. मी ते तसेच राहू दिले.

सुभेदार साताऱ्याला माजी सैनिकांच्या कँटीनमध्ये सामान न्यायला येत. आले की आमच्याकडे हमखास डोकावत. "पेशंट कसा हाय?" हा पहिला प्रश्न. मग हातातली पिशवी पुढे करत. कधी नवा गूळ, कधी भाजलेल्या शेंगा, एकदा तर हुरडा. हस्तलिखितांच्या खोलीत खाण्याची वस्तू आणायला सक्त मनाई आहे, कारण त्यामागून मुंग्या आणि किडे येतात. मी त्यांना व्हरांड्यातच अडवायची. एक दिवस त्यांनी काचेच्या दारातून पाहिलं, टीपकागदावर एकेक पान सुटं पसरलेलं होतं.

"समदी पानं सुटली?"

"जवळजवळ सगळी."

"आमच्या लोकांना वाटलं हुतं, आता संपलं." ते मान वळवून खाकरले. "घरी सांगतो जाऊन."

आषाढ सरत आला तसा त्यांचा फोन आला. या वेळी बायको बोलत होत्या. श्रावण तोंडावर आलाय, पोथीचं काय? मी सगळ्या पानांचे फोटो मोठ्या आकारात छापून, फळ्यांसकट हुबेहूब पोथी बांधून त्यांना पाठवली होती. अक्षर न अक्षर तेच होतं. मला त्या कामाचा अभिमानही वाटत होता.

"छान हाय ती," त्या म्हणाल्या. "फुडच्या साली आमी त्येच्यावरच वाचू. पर ह्या साली जी निम्मी ऱ्हायलीया, ती आमी खऱ्या पोथीवर सुरू केली हुती ताई. देवाला वाटंत सोडून आता फोटोतनं कसं घरी आनायचं?"

मी आमच्या ग्रंथपालांकडे गेले. ते कडक शिस्तीचे, कमी बोलणारे गृहस्थ. वाचनकक्षात कुणी पेनचं टोपण वाजवलं तरी त्यांची मान वर व्हायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुरुस्ती पुरी होईपर्यंत पोथी बाहेर द्यायची नाही, हा नियम माझ्यासाठी बदलला नाही, तुमच्यासाठीही नाही. बाहेर नाही जाणार." त्यात राग नव्हता. पानं अजून नाजूक होती आणि प्रवास पोथीला सोसणार नाही, हे मलाही माहीत होतं.

मी बाईंना फोन करून तसं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "पोथी येत न्हाई, तर मग आमी येतो. देव म्हातारीसाटी येवडा चालत आला. आमाला जीपमदनं यायला काय झालं?"

ही विनंती घेऊन मी पुन्हा ग्रंथपालांसमोर उभी राहिले. या वेळी ते बराच वेळ नियमांची पुस्तिका चाळत होते. शेवटी म्हणाले, "अभ्यासकांना वाचनकक्षात पोथी दाखवता येते. मोठ्यानं वाचू नये असं इथं दुर्मीळ विभागापुरतं कुठं लिहिलेलं दिसत नाही. चार-पाच माणसं बोलवा. रविवारी, म्हणजे विद्यार्थ्यांना त्रास नको."

मी बाईंना 'चार-पाच' असंच सांगितलं होतं. त्यांनीही गावात तसंच सांगितलं असावं. पण रविवारी सकाळी फाटकाशी गाड्या लागायला लागल्या, दोन जीप, एक टेम्पो, वर मोटरसायकली. ठेवणीतली लुगडी, पांढरेशुभ्र फेटे, लहान मुलं, टाळ, आणि मोठमोठे पितळी डबे. पहारेकरी धावत माझ्याकडे आला.

"मॅडम, लग्न आहे का कुणाचं?"

ग्रंथपाल पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सुभेदार पुढे झाले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला.

"साहेब, गावात निवड करता येईना. ज्याला न्हाई म्हनावं तो रुसतोय. तुमी सांगाल तसं बसू. शिस्तीत."

सलामाला उत्तर काय द्यायचं हे ग्रंथपालांना बहुधा सुचलं नाही. त्यांनी मान हलवली आणि दार उघडायला सांगितलं.

मग सामानाची तपासणी झाली. उदबत्ती चालणार नाही, धूर होतो. कापूर नाही, निरांजन नाही. गुलाल तर मुळीच नाही. फुलं बाहेर, नारळ बाहेर, डबे बाहेर. प्रत्येक वस्तूला मी नाही म्हणत होते आणि बाई ती हसत सुनेच्या हातात देत होत्या. शेवटी त्यांच्याकडे नुसता चष्मा उरला.

"ह्यो तरी चालतोय न्हवं?"

बाहेरच्या कडुलिंबाखाली त्यांनी सगळं नीट मांडलं, दिवा तिथं लावला, आणि मंडळी चपला काढून आत आली. 'शांतता राखा' अशी पाटी असलेल्या वाचनकक्षात गाव मांडी घालून बसलं. टेबलं आम्ही भिंतीला लावली होती. मधोमध एका बैठ्या टेबलावर मऊ उशी आणि उशीवर पोथी. मी पेटीतून ती काढून ठेवली तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. काहींनी डोळे पुसले. सुभेदारांनी इस्त्रीच्या डागाचं पान ओळखलं आणि दुसरीकडे पाहिलं.

बाईंनी हात धुतले, बसल्या, चष्मा लावला. पहिलं पान उलटताना सवयीनं बोट जिभेकडे नेलं. मी पटकन हात वर केला. त्या थांबल्या, बोट पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "पाळीन. पर आटवन करत ऱ्हावा."

आणि त्या वाचायला लागल्या. औंधच्या पुढून.

मी त्या पोथीचं प्रत्येक पान हाताळलं होतं. कुठल्या पानाची कुठली कड खाल्लेली आहे हे डोळे मिटून सांगितलं असतं. पण पोथी मी ऐकली नव्हती. सलग लिहिलेल्या अक्षरांच्या ओळी बाईंच्या तोंडून ओव्या होऊन यायला लागल्या आणि मला कळलं, तिला एक चाल आहे. चौथ्या चरणाला आवाज खाली यायचा आणि सगळं गाव तो शेवटचा शब्द एकदम म्हणायचं. वाचनकक्षाचं उंच छत तो शब्द परत पाठवायचं.

वाटेवरचा एक मागचा अध्याय आठवण म्हणून पुन्हा वाचायचा असतो, तोही त्यांनी वाचला. तहानलेला देव माणदेशातल्या एका घरी पाणी मागतो. घरची बाई म्हणते, पाणी लांबून आणावं लागतं बाबा, ते मागू नको, ताक पी, दूध पी, पाहिजे तर जेवून जा. सुभेदार अर्थ सांगायला लागले, "म्हंजे बगा, तित्तं रसद भरपूर, पर पानी रेशनवर…"

मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. दाराजवळच्या स्टुलावर ग्रंथपाल बसले होते. त्यांना हसताना मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

"अगदी खरं आहे," ते म्हणाले. "माझी आजी असंच म्हणायची. आमच्याकडे पाहुण्याला अजून ताकच आधी देतात."

"तुमी कुटलं?" बाईंनी पोथीवरचं बोट न हलवता विचारलं.

"म्हसवडजवळचा."

मग पुढच्या रांगेतले एक आजोबा हळूच म्हणाले, "आवं मग हितं मागं का बसलाय? देवाच्या गावचं तुमी. फुडं या."

ग्रंथपाल नको नको म्हणत होते, पण दोन जणांनी सरकून जागा केली आणि ते बूट काढून सुभेदारांच्या शेजारी मांडी घालून बसले. पुढे वाटेवरच्या गावांची नावं आली की सुभेदार त्यांना विचारायचे, ही टेकडी कुठली, हा ओढा अजून वाहतो का, आणि ते सांगायचे. एका ओढ्याचं जुनं नाव ऐकून त्यांनी स्वतःच बाईंना ती ओवी पुन्हा वाचायला लावली.

रविवार असला तरी वसतिगृहातली मुलं-मुली अभ्यासाला आलेली होतीच. एकेक करून ती दारात येऊन थांबली, मग आत येऊन भिंतीला टेकून बसली. अर्ध्या जणांच्या हातात स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं तशीच मिटलेली.

दुपार कलली तेव्हा देव म्हातारीच्या दारात आला. म्हातारी त्याला ओळखत नाही. ती म्हणते, धनगरा, पाय धू, दमून आला असशील. तो म्हणतो, दमलो खरा. एवढंच. आणि तिला कळतं. इथं बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सुभेदारांनी अर्थ सांगितला नाही, आणि कुणी मागितलाही नाही. बाईंनी शेवटची ओवी म्हटली आणि गावानं असा जयजयकार केला की शेजारच्या खोलीतल्या आमच्या यंत्राची घरघरही ऐकू येईना.

"आला," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "एकदाचा घरी आला."

मग बाहेर कडुलिंबाखाली पंगत बसली. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भात, कुरडया. मुलांना, पहारेकऱ्याला, समोरच्या इमारतीतल्या रंगाऱ्यांनासुद्धा बोलावून बसवलं. सुभेदार वाढायला उभे होते आणि ग्रंथपालांच्या पानात तिसरी पोळी टाकत होते. वसतिगृहातल्या एका मुलीनं बाईंना विचारलं, आजी, ते सलग अक्षर मला शिकवाल का? बाई म्हणाल्या, "जेव आदी. मग बस माज्याजवळ." आणि जेवण झाल्यावर दोघी छापील पोथी मांडीवर घेऊन खरोखरच बसल्या.

निघताना गावकऱ्यांनी आपसांत बोलून पोथी विद्यापीठाला दिल्याचं सांगितलं. अट एकच घातली, श्रावणातला एक रविवार त्यांचा. ग्रंथपालांनी ती लगेच मान्य केली आणि 'चार-पाच माणसं' हा शब्द त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. गावात रोजचं वाचन छापील पोथीवर होतं, आणि शेवटचा अध्याय आमच्याकडे. मी आता वाचनाच्या दिवशी टेबलं अंगणातच काढून ठेवते. ग्रंथपाल निवृत्त झाले, पण त्या रविवारी म्हसवडकडून सकाळच्या गाडीनं येतात आणि पहिल्या रांगेत बसतात. गेल्या श्रावणात बाईंनी सुनेला वाचायला बसवलं. ती दोन-तीनदा अडखळली. बाई शेजारी बसून नुसत्या ओठांनी पुढचा शब्द सांगत होत्या. पान उलटताना सुनेनं बोट जिभेकडे नेलं, तेव्हा मी हात वर करायच्या आत तिकडून सासूबाईच म्हणाल्या, "आगं, पोथी आजारी पडंल."

दुपारी डबे रिकामे झाल्यावर कुणी उसाच्या तोडीचं बोलत होतं, कुणी पोराच्या भरतीचं. सुभेदारांनी माझ्या हातात शेंगांची पिशवी दिली. मी ती घेतली आणि व्हरांड्यातल्या कट्ट्यावर बसून त्यांच्याबरोबर तिथंच खायला लागले.